स्नायूचा आकार बघून त्याचं काम कसं ओळखायचं

ॲनाटॉमीत स्नायूंची नावं आणि कामं घोकत बसण्याआधी चित्रात फायबर (स्नायूचे बारीक धागे) कुठल्या दिशेने जातायत ते बघा, अर्धं उत्तर तिथेच सापडतं. नियम दोनच. फायबर जितका लांब तितका तो जास्त आखडतो आणि पटकन आखडतो, कारण कुठलाही फायबर साधारण स्वतःच्या निम्म्या लांबीपर्यंतच आखडू शकतो. आणि जोर किती ते ठरतं शेजारीशेजारी किती फायबर एकदम ओढतायत त्यावर, लांबीचा तिथे संबंध नाही.

आता पेन्सिलीने टेंडनच्या (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीच्या) दिशेत एक रेघ मारा. फायबर त्या रेघेला समांतर असतील तर हालचाल मोठी, जोर बेताचा. सार्टोरियस बघा, कमरेच्या हाडापासून मांडीवरून तिरका गुडघ्याखाली आतल्या बाजूला जातो, शरीरातला सगळ्यात लांब स्नायू, पण ताकदीत यथातथाच. दंडाच्या पुढचा बायसेप्स याच जातीतला, फक्त मध्ये फुगीर.

फायबर रेघेला तिरके, पिसासारखे लागलेले असतील तर प्रकार उलटा. मांडीच्या पुढचा रेक्टस फेमोरिस असा दोन्ही बाजूंनी, खांद्यावरच्या डेल्टॉइडच्या मधल्या भागात तर अशी पिसंच पिसं. तिरकं ओढल्याने जोर वाया जात नाही का? जातो ना, 30 अंशाच्या कोनात टेंडनच्या दिशेने साधारण 87 टक्केच पोचतो, पण तेवढ्याच जागेत इतके जास्त आखूड फायबर बसतात की तोटा भरून वर फायदाच. पोटरीतला सोलियस हे माझं आवडतं उदाहरण, फायबर आखूड पण भरपूर, उभं असताना आपण पुढे कलंडू नये म्हणून तो सतत धरून ठेवतो आणि त्याला मोठी हालचाल करायचीच नसते.

छातीतला पेक्टोरालिस मेजर पसरट, एका टोकाला गोळा होणारा, त्यामुळे दिशा बदलते: वरचे फायबर दंड पुढे उचलतात, खालचे वर गेलेला दंड खाली खेचतात. ओठांभोवती, डोळ्यांभोवती गोल फायबर म्हणजे मिटणं, विषय संपला.

एक मात्र सांभाळा, आकार फक्त किती जोर आणि किती हालचाल एवढंच सांगतो, सांधा कुठल्या बाजूला हलेल ते नाही, त्यासाठी स्नायू सांध्याच्या पुढून जातो की मागून आणि नेमका कुठे चिकटतो ते बघावंच लागतं. बायसेप्स कोपराच्या पुढून जातो म्हणून हात वाकवतो, इथपर्यंत सगळ्यांना येतं, पण तो कोपराखालच्या, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला चिकटतो म्हणून तळहात वर फिरवणं हेही त्याचंच काम, आणि नेमकं हेच परीक्षेत बऱ्याच जणांचं राहून जातं.