वाडा पाडायला निघाला? आधी न्हाणीघरात चला

वाडा पाडायचा ठरला की माणसं आधी नक्षीचे खांब बघतात, मग तुळया, मग दाराच्या कड्या. न्हाणीघराकडे कोणी फिरकत नाही, आणि मी पहिल्यांदा तिथेच शिरतो. पाणी तापवायचा तांब्याचा बंब, पितळी तोट्या, विलायती बेसिन, संडासातली साखळी ओढायची बिडाची टाकी, हे सगळं ठेकेदाराच्या लेखी भंगार. किलोवर जातं. त्याची माणसं घण घेऊन यायच्या आत मालकाशी बोला आणि काय काय काढणार ते कागदावर लिहून घ्या. बंब मालकाचा की भाडेकरूचा, यावरून पुण्यात बोलणं बंद झालेली घरं आहेत. इमारत वारसा यादीत असेल, तर पालिकेला विचारल्याशिवाय खिळासुद्धा उपटू नका.

तोटी काढायला दोन पाने (रेंच) लागतात. एकाने पाइप घट्ट धरायचा, दुसऱ्याने तोटी फिरवायची. एकाच पान्याने जोर लावलात तर भिंतीतला पाइप पिळवटतो. सांध्यात गळती थांबवायला भरलेला सफेदा (पांढरा लेप) आणि ताग, वरून ऑइलपेंटचे चार हात, म्हणून आदल्या रात्रीच तिथे गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. रंग खरवडताना तो ओला करा आणि मास्क लावा; जुन्या रंगात शिसं असतं. अर्ध्या इंची पाइपाचं विलायती माप, म्हणजे इंचाला १४ आटे, आपल्याकडे अजून तेच चालतं. त्यामुळे आजोबांच्या काळातली तोटीही बहुतेक वेळा आजच्या पाइपावर बसते. आतला चामड्याचा वायसर बदलून रबरी टाका, झालं.

आता बंब. तो उचलताना झाकण, खालची जाळी आणि राखेचा ट्रे त्याच्याबरोबरच बांधा. हेच भाग हरवतात, आणि मग बुधवार-रविवारी जुन्या बाजारात दुसऱ्याच बंबाचं झाकण हुडकत फिरावं लागतं. ते कधीही नीट बसत नाही.

घरी आणल्यावर लगेच घासायला बसू नका, आधी गळती शोधा. बंब कोरडा करून बाहेरच्या सांध्यांवर आणि मधल्या नळ्याला, म्हणजे ज्यातून जाळ-धूर वर जातो त्या नळीला, आतून ओल्या खडूचा हात फिरवा. वाळला की काठोकाठ पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी पांढऱ्यावर काळपट रेघ दिसेल तिथे गळतं. नळ्यात वरून बॅटरी मारून बघायला विसरू नका. बाहेरून ठणठणीत दिसणारे बंब आतून नळ्यालाच झिरपतात.

नळा गळत असेल तर कसबा पेठेत तांबट आळी गाठा आणि पितळी झाळच (पितळ वितळवून केलेला जोड) मारायला सांगा. कथील-शिशाचा साधा डाग (सोल्डर) १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतो. बंब भरलेला असतो तोवर पाणी तांब्याला तापू देत नाही, पण पाणी खाली गेलं आणि जाळ चालू राहिला की तो डाग निखाऱ्यात ठिबकतो. एम-सीलचं नाव तांबटासमोर काढू नका, शिव्या खाल.

बंबाच्या तोटीत वायसर नसतो. निमुळता पितळी दट्ट्या निमुळत्या भोकात फिरतो, बस्स. गळत असेल तर दट्ट्या काढा आणि त्यावर पेन्सिलने उभ्या रेघा मारा. आत घालून दोन-तीनदा फिरवा आणि बाहेर काढा. रेघ पुसली गेली तिथे तो टेकतोय, राहिली तिथे फट आहे. मोटारीच्या दुकानात व्हॉल्व्ह घासायची पेस्ट मिळते, त्यातली बारीक घ्या. ती लावून दट्ट्या मागेपुढे फिरवत राहा, मधूनमधून उचलून थोडा वळवून बसवा. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या जायला लागल्या की थांबा. पेस्टचा कणही राहू न देता धुवा आणि ग्रीसचा पातळ हात द्या. नवी तोटी बसवून देणारे खूप भेटतील, पण बंबाची अर्धी शान त्या तोटीत असते.

आतला क्षार सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्याने सुटतो. बाहेरून चिंच-मीठ किंवा पितांबरी. बफिंगच्या चाकावर मात्र देऊ नका. ठोकलेल्या हातोडीच्या खुणा जातात आणि बंब कालच दुकानातून आणल्यासारखा दिसतो. कल्हईची गरज नाही, हे पाणी अंघोळीचं. पिऊ नका म्हणजे झालं.

बेसिनला टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर तडा आहे, कितीही मोठ्या विलायती कंपनीचा छाप असू दे. गंजाचे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातात, पण ते विषारी आहे, हातमोजे घाला. बिडाची टाकी एका ओढीला दहा-बारा लिटर पाणी सोडते, म्हणून मी ती शोभेलाच ठेवतो.

बंब पेटवायचा असेल तर उघड्यावर, परसात किंवा गच्चीवर. फ्लॅटच्या बंद बाथरूममध्ये कोळसा पेटवणं म्हणजे मरणाला बोलावणं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी पाणी, मग जाळ. बादलीभर काढलंत की वरून बादलीभर ओता. आणि अमेरिकेतल्या लेकीला पाठवायचा विचार असेल तर आधी वय बघा. शंभर वर्षं उलटलेल्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतात, आणि तशी ठरली तर ती परस्पर देशाबाहेर नेता येत नाही.