मांडी बघून घ्या, कंबर मी बघतो

माझं अल्टरचं दुकान पुण्यात नारायण पेठेत आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, दोन मशिनं, एक इस्त्री आणि गिऱ्हाइकाला टेकायला स्टूल. पूर्वी पँटी शिवायचो. आता शिवून घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, म्हणून इतरांनी शिवलेलं दुरुस्त करतो. त्यात सगळ्यात जास्त येतात त्या जीन्स, आणि त्यातही स्ट्रेच.

गेल्या शनिवारी एक पोरगा आला. जीन्स नवीकोरी, किमतीचा टॅगसुद्धा काढलेला नव्हता. "काका, मांडीत जरा सैल करून द्या ना. अर्धा इंच फक्त." मी पँट उलटी करून त्याच्यापुढे धरली. जीन्सची आतल्या बाजूची शिवण कापडात कापड दुमडून बंद केलेली असते, वरून टिपांच्या दोन रांगा. बाहेरच्या शिवणीला नुसतं ओव्हरलॉक, म्हणजे कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मारलेली टीप, आणि कडेला उरलेलं कापड अर्धा इंचही नाही. "यात माया कुठाय?" मी विचारलं. त्याला वाटलं मी काहीतरी तत्त्वज्ञान सांगतोय. माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. आम्ही पँट शिवायचो तेव्हा मागच्या शिवणीत दीड-दोन इंच माया हमखास ठेवायचो. लग्नानंतर गिऱ्हाईक पुन्हा येणार हे ठरलेलंच असायचं. जीन्सच्या कारखान्याला तुमच्या लग्नाशी काही घेणंदेणं नाही.

तेव्हा दुकानात जाण्याआधी एवढं डोक्यात ठेवा. जीन्सची कंबर मी कमी करून देऊ शकतो, लांबी कमी करून देऊ शकतो, गुडघ्याखाली पाय निमुळता करून देऊ शकतो. मांडी आणि सीट, म्हणजे बुडाचा भाग, मात्र वाढवून देऊ शकत नाही. आणि आसन, म्हणजे दोन पायांच्या जोडापासून कंबरपट्टीपर्यंतची उंची, तर अजिबात नाही. लोक नेमकं उलट करतात. कंबरेचा आकडा बघतात, ३४ म्हणजे ३४, आणि बाकीचं शरीर लायक्रा सांभाळून घेईल म्हणून सोडून देतात.

या लायक्राचंही जरा सांगतो. लायक्रा, स्पँडेक्स, इलास्टेन ही एकाच धाग्याची नावं. त्यातलं लायक्रा हे ब्रँडचं नाव, आपल्याकडे तेच रुळलं. अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये हा धागा काढला. डेनिममध्ये उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असतात, म्हणून जीन्स आतून पांढुरकी दिसते. स्ट्रेच जीन्समध्ये लायक्राची तार या आडव्या धाग्याच्या पोटात असते, वरून सूत गुंडाळलेलं. त्यामुळे कापड ताणतं ते आडवं. घरातली कुठलीही स्ट्रेच जीन्स घेऊन बघा, रुंदीत ओढली की येते, लांबीत ओढली तर ढिम्म हलत नाही. दोन्हीकडे ताणणारं कापडही मिळतं, पण कमी.

याचा परिणाम कळतो तो गाडीवर. बसलं की मागची बाजू लांबीत वाढावी लागते, आणि उभी तर ही जीन्स वाढत नाही. आसन आखूड असलं की कंबरपट्टी मागून खाली घसरते. कर्वे रोडला सिग्नलवर पुढच्या ॲक्टिव्हावरचं जे दृश्य आपण सगळेच नाइलाजाने बघतो, त्यामागे हेच कारण असतं. त्यावर टी-शर्ट खाली ओढणं हा उपाय नव्हे. पुढचं आसन टेपने मोजा. नऊ इंचांच्या खाली असेल तर ती जीन्स उभं राहून फोटो काढणाऱ्यांसाठी आहे. दहा ते अकरा इंच हे आपल्यासारख्या बसणाऱ्या, उठणाऱ्या, थोडंफार पोट असणाऱ्या माणसाला बरं. उंच असाल किंवा पोट बऱ्यापैकी सुटलेलं असेल तर साडेअकराही चालेल. पोटवाल्यांना वाटतं पट्टी जितकी खाली तितका आराम. दोन दिवस घालून बघा म्हणावं. अर्धा वेळ पँट वर ओढण्यात जातो.

घरी करायचं काम एकच. कपाटातली सगळ्यात सोयीची जुनी पँट काढा, जी घातली की घातल्याचं लक्षात राहत नाही. ती जमिनीवर सपाट पसरा, सुरकुत्या हाताने सारख्या करा, आणि टेप लावा. कंबर मोजताना पट्टीची पुढची आणि मागची कड जुळवून घ्या, आडवं माप घेऊन दुप्पट करा. मग आसन. मग मांडी, जोडाच्या एक इंच खाली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, त्याचीही दुप्पट. गुडघा, बॉटम, आणि शेवटी आतली लांबी. हे सहा आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. टेप वीस-तीस रुपयांना मिळते, खिशात ठेवा आणि लाजू नका. लेबलवरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. ३४ लिहिलेली जीन्स टेपवर ३६ भरलेली मी कितीदा पाहिली आहे. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून आकडा लहान छापतात.

टेपचा खरा उपयोग कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटला किंवा डेक्कनच्या हाँगकाँग लेनसारख्या ठिकाणी, जिथे ट्रायल रूमचा प्रश्नच येत नाही. तिथे पँटची कंबर गळ्याभोवती गुंडाळून बघायची जुनी युक्ती आहे. दोन टोकं मानेमागे भेटली की बसणार, असा हिशेब. न ताणणाऱ्या पँटीला तो साधारण लागू पडायचा. स्ट्रेच पँट ओढली की भेटतेच, कुणाच्याही गळ्यात. ते सोडून द्या, सहा आकडे जुळवा.

तुमच्या मांडीचं अंगाचं माप समजा २३ इंच आहे. स्ट्रेच जीन्स २३ ते २४ घ्या. घट्ट बसणारी आवडत असेल तर साडेबावीसपर्यंत ओढून न्या, त्याच्या खाली नको. २१ सुद्धा अंगात जाते, अडचण तीच आहे. लायक्रा घातलाय तो तुम्ही वाकल्यावर, बसल्यावर ताणायला. उभ्या उभ्याच तो पूर्ण ताणून संपला तर बसल्यावर काय ताणणार?

आता कापड. आतलं लेबल वाचा. ९८ टक्के कॉटन, २ टक्के इलास्टेन हे माझ्या आवडीचं. एक टक्काही पुरतो, पण मग माप ऐसपैस हवं. चार-पाच टक्क्यांच्या वर गेलं की जीन्स राहत नाही, पायाला चिकटलेलं काहीतरी होतं. पॉलिएस्टर दिसलं म्हणून लगेच ठेवून देऊ नका. थोडं पॉलिएस्टर असलं की पँट आकार धरून ठेवते आणि पावसाळ्यात लवकर वाळते. जास्त असलं तर एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनला गाडीवर बसून बघा, मग बोलू. जाडीही हाताने बघा. मांडीचं कापड ट्यूबलाइटसमोर धरल्यावर उजेड आरपार दिसत असेल तर ते वर्षभरात आसनापाशी विरणार. आणि फार जाड घेतलंत तर जुलैत गॅलरीत दोन दिवस लटकवून ठेवाल, तरी खिसे ओलेच.

ताणून बघायची माझी पद्धत सांगतो, तिला फुटपट्टीही लागत नाही. पँटच्या मांडीवर दोन्ही अंगठे चार इंच अंतरावर रोवा. आडवं ओढा. चाराचे साधारण पाच इंच झाले पाहिजेत, फार जोर न लावता. तसंच धरून मनात तीसपर्यंत मोजा आणि सोडा. आता कापडाकडे बघा. चांगलं कापड लगेच सपाट होतं, कुठे ओढलं होतं ते शोधावं लागतं. वाईट कापडावर अंगठ्यांच्या मधे एक लहानशी फुगवटी उभी राहते, पुरी फुगायला लागावी तशी. तीच फुगवटी संध्याकाळी ऑफिसातून घरी येताना तुमच्या गुडघ्यांवर असणार. मग उभं राहिलात तरी लोकांना वाटणार, हा आत्ता बसतोय. किती ताणलं जातं हे सगळे बघतात. परत किती येतं हे बघा, पैसे त्याचे द्यायचे असतात.

ट्रायल रूममध्ये आरशासमोर पोट आत घेऊन उभं राहणं ही पुरुषजातीची सवय आहे, माझीही. ते एकदा उरकून घ्या आणि मग कामाला लागा. पाकीट, मोबाइल, गाडीची किल्ली जिथे ठेवता त्या खिशांत ठेवा. पीएमटी बसच्या पायरीवर ठेवतो तसा पाय उंच उचला. (नाव बदलून किती वर्षं झाली, मी पीएमटीच म्हणतो.) उकिडवे बसा आणि मिनिटभर तसेच राहा. मागे कंबरपट्टीत दोन बोटं गेली तर ठीक, मूठ गेली तर कंबर मोठी किंवा आसन आखूड. उभे राहिल्यावर बॉटम आपोआप खाली यायला हवा. पोटरीला अडकून वरच राहिला तर ती पँट दिवसभर वाकून वाकून खाली ओढावी लागेल. समोर जोडापासून मांड्यांकडे आडव्या रेषा फाकल्या असतील किंवा बाजूचे खिसे कानासारखे उघडले असतील तर सीट घट्ट आहे, एक नंबर वरची मागा. मागे बुडाखाली कापडाची झोळी झाली असेल तर सैल आहे.

बटण श्वास न ओढता लागलं पाहिजे, पण लागताना कंबरेला जाणवलं पाहिजे. नव्या स्ट्रेच जीन्सची कंबर दिवसभरात अर्धा इंच तरी सैलावते आणि धुतली की परत जागेवर येते. म्हणून दुकानात अगदी ऐसपैस वाटणारी संध्याकाळी पट्ट्यावर लोंबते.

मांडीत बसणारी जीन्स कंबरेत मोठी निघाली, तर घ्या. व्यायाम करणाऱ्या पोरांचं नेहमी हेच होतं. मागच्या मधल्या शिवणीतून मी एक-दीड इंच आत घेतो, पट्टी उसवून, लूप काढून, परत त्याच रंगाच्या जाड दोऱ्याने दोन टिपा मारून. दीडच्या वर सांगू नका. मागचे दोन खिसे जवळ येत येत एकमेकांच्या गळ्यात पडतात.

इस्त्रीचं सांगताना मला अजून वाईट वाटतं. काही वर्षांपूर्वी हिंजवडीला नोकरीला लागलेला एक मुलगा बॉटम दुमडायला जीन्स देऊन गेला, दुसऱ्या दिवशी त्याला मुलगी बघायला जायचं होतं. काम झालं, म्हटलं जरा कडक इस्त्री करून देऊ. सुती समजून इस्त्री पूर्ण तापवली आणि मांडीवर दाबून धरली. उचलली तर कापडावर लाटा, तळलेल्या पापडासारख्या. आतला लायक्रा गेला होता, त्याला काही उपाय नाही. पँटचे पैसे भरून दिले, आणि तो जुन्या पँटीत मुलगी बघून आला. तेव्हापासून स्ट्रेच जीन्सला इस्त्री मंद आणि उलट्या बाजूने, शक्यतो नाहीच. धुताना गार पाणी, ब्लीच कधीही नाही, वाळवायला सावली. मांडीच्या आतल्या बाजूला केसासारखे बारीक पांढरे, कुरळे तुकडे बाहेर यायला लागले की समजायचं, आतल्या तारा तुटायला लागल्या.

लांबी सगळ्यात शेवटी. दुकानवाला तिथल्या तिथे कापून देतो म्हणाला तरी नको म्हणा. घरी एक-दोनदा धुऊन घ्या, कॉटन आहे, थोडी तरी आटते. मग रोजचे बूट घालून माझ्याकडे या. चपलेवर माप देऊन बुटावर पँट घालणारे पुन्हा येतात, आणि कापून गेलेली लांबी मला परत आणता येत नाही. बॉटमची मूळ धुवट कड ठेवायची असेल तर आधी सांगा, ती कापून परत वर जोडून देतो. दहा-वीस रुपये जास्त पडतील. जाड शिवणीवर सुई मोडते, तिथे आधी हातोडीने ठोकून घ्यावं लागतं. त्या आवाजाने घाबरू नका, पँट तुमचीच आहे आणि ठीक आहे.

आणि कापून उरलेल्या दोन पट्ट्या माझ्याकडून मागून घ्या. त्याच कापडाच्या, त्याच रंगाच्या असतात. वर्ष-दोन वर्षांनी गाडीच्या सीटवर घासून आतली मांडी विरली की बाजारात तसं कापड मिळत नाही. पट्ट्याही जीन्सबरोबरच धुवायला टाकत जा, म्हणजे रंग बरोबरीने उतरेल. मग ठिगळ कुठे लावलंय ते मलाच शोधावं लागतं.