तबल्याला माइक, डग्ग्याला काय? ऑडिओ इंटरफेस घेताना या चुका टाळा

पहिला ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोहोचवणारं यंत्र) घेतला तेव्हा खोक्यावर ‘४ इन, ४ आउट’ असं ठसठशीत छापलेलं होतं. मी बोटांवर मोजलं: गायक, पेटी, तबला, डग्गा. झाले चार. रविवारी सकाळी मंडळी घरी आली, सतरंजी अंथरली, माइक जोडायला घेतले आणि लक्षात आलं की एक्सएलआरच्या, म्हणजे माइकची तीन पिनांची केबल लावायच्या, जागा दोनच आहेत. उरलेले दोन इनपुट मागच्या बाजूला, लाइन लेव्हलचे, म्हणजे आधीच जोरदार असलेल्या सिग्नलसाठीचे. तिथे कीबोर्ड चालतो, माइक नाही. तबलजी शांतपणे हातोडीने तबला लावत होता. तो म्हणाला, “दादा, डग्गा वाजवू, की समजून घ्याल?”

चूक माझीच होती. इंटरफेसच्या नावातला आकडा म्हणजे सगळ्या प्रकारच्या इनपुटांची बेरीज असते. फोकसराइट कंपनीच्या तिसऱ्या पिढीच्या स्कारलेट १८आय२० चंच बघा: त्या १८ मध्ये माइक प्रीॲम्प (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारे भाग) आठ, ऑप्टिकल ॲडॅटचे चॅनल आठ आणि एसपीडीआयएफचे दोन. शेवटचे दोन्ही प्रकार दुसऱ्या यंत्राकडून डिजिटल आवाज घेणारे, माइकचे नव्हेत. म्हणून विक्रीच्या पानावर ‘माइक प्रीॲम्प’ हा शब्द शोधा आणि त्याच्यापुढचा आकडा वाचा. बाकी सगळं नंतर. तबल्याच्या जोडीला दोन माइक धरा, पेटीला एक, गळ्याला एक. टाळ-झांज असेल तर पाच. तानपुरा ॲपवरचा असेल तर तो लाइन इनपुटला जाईल, त्याला प्रीॲम्प लागत नाही.

याच चुकीचा थोरला भाऊ म्हणजे यूएसबी मिक्सर. बारा चॅनलचा मिक्सर, मागे यूएसबी, किंमतही बरी, मग इंटरफेस कशाला? पण साध्या यूएसबी मिक्सरमधून कॉम्प्युटरकडे दोनच चॅनल जातात: सगळ्यांचं आधीच कालवलेलं स्टिरिओ मिश्रण. गायक बेसूर झाला म्हणून तेवढाच गळा पुन्हा घेऊ म्हटलं, तर पेटीही त्यातच अडकलेली. प्रत्येक चॅनल वेगळा पाठवणारे मिक्सर मिळतात, पण मग वर्णनात ‘मल्टिट्रॅक’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

दोन चॅनलचे दोन इंटरफेस जोडून चार करू, हा विचारही सोडा. विंडोजवर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सहसा एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेसशी बोलणारा छोटा प्रोग्राम) घेतं. मॅकवर दोन एकत्र करता येतात, पण दोघांची आवाजाची गती ठरवणारी आतली घड्याळं वेगळी असतात आणि लांब टेकमध्ये, म्हणजे सलग रेकॉर्डिंगमध्ये, ट्रॅक एकमेकांपासून सरकतात. वाढवायचंच असेल तर पहिलाच इंटरफेस ॲडॅट इनपुटवाला घ्या. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, म्हणजे सॅम्पल) एका ऑप्टिकल वायरीतून आठ चॅनल येतात, ९६ ला चारच. आणि दोन यंत्रांपैकी एकच क्लॉकचा, म्हणजे त्या घड्याळाचा, मालक ठेवा. हे विसरलं की रेकॉर्डिंगमध्ये टिक्‌टिक् ऐकू येते आणि माणूस उगाच केबली बदलत बसतो.

आता प्रीॲम्प. यावर लोक महिनोन्‌महिने काथ्याकूट करतात. माझं मत स्पष्ट आहे: घरगुती रेकॉर्डिंगमध्ये प्रीॲम्पची प्रत ही शेवटची अडचण असते. आजच्या स्वस्त इंटरफेसवरही स्वतःच्या खरखरीचा आकडा उणे १२८ डीबीयूच्या आसपास लिहिलेला दिसतो (डीबी हे आवाजाच्या पातळीचं माप; उण्याचा आकडा जितका मोठा तितकी खरखर कमी). १५० ओहमच्या सोर्सला, म्हणजे साधारण माइकला, निसर्गाचीच मर्यादा साधारण उणे १३१ आहे. म्हणजे कितीही पैसे ओतले तरी मिळणार तीन डीबी, आणि डोक्यावर पंखा तर फिरतोच आहे.

प्रीॲम्प खरंच कमी पडतो तो माइक मंद आणि आवाज हळू असला की. श्युअर कंपनीचा एसएम७बी माइक सगळ्यांना हवा असतो, पण त्याला किमान ६० डीबी गेन, म्हणजे प्रीॲम्पने दिलेली वाढ, लागतो. इंटरफेसचा गेन ५०-५५ वर संपत असेल तर नॉब शेवटपर्यंत फिरवावा लागतो आणि तिथेच खरखर बसलेली असते. तेव्हा खरेदीपूर्वी कमाल गेन बघा. वेगळा प्रीॲम्प घ्यायच्या आधी एक फुकटचा उपाय करा: माइक जवळ घ्या. अंतर निम्मं केलं की सहा डीबी सहज मिळतात. तबल्याला तर उलटंच दुखणं. तिथे ३० डीबीसुद्धा खूप होतात, म्हणून पॅडचं, म्हणजे आत येणारा सिग्नल कमी करणारं, बटण असलेला इंटरफेस बरा.

गेन लावताना हमखास होणारी चूक अशी: “वाजव रे जरा” म्हटलं की तबलजी निवांत ठेका धरतो. त्यावर गेन लावला की पुढे लग्गी आणि तिहाईला लाल दिवा पेटलाच, म्हणजे आवाज फाटला. गायकही तपासणीला मंद्रात गुणगुणतो आणि अभंगात टिपेला जातो. म्हणून त्यांच्याकडून सगळ्यात जोरकस जागाच वाजवून-गाऊन घ्या, आणि ती मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास राहील असं बघा. २४ बिटच्या रेकॉर्डिंगला खाली भरपूर जागा असते, काठोकाठ भरायची गरज नाही.

“हेडफोनमध्ये माझाच आवाज मागून येतो” ही तक्रार आली तर सॉफ्टवेअरमधला बफर बघा, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी किती सॅम्पल साठवून घेतो तो आकडा. ४८ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेला २१ मिलिसेकंद, जाऊन-येऊन ४३ च्या आसपास. हवेत एवढ्या वेळात आवाज १४-१५ मीटर जातो. गॅलरीच्या पलीकडे बसलेल्या तबल्याबरोबर द्रुत गाण्यासारखंच ते. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग लावा (मग आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो), किंवा बफर १२८ वर आणा.

रेकॉर्डिंग ऐकताना गाणं उतरलेलं आणि रेंगाळलेलं वाटलं तर सॅम्पल रेट चुकलाय. ४८ ला घेतलेली फाइल ४४.१ ने वाजली की काळी दोनचं गाणं पांढरी दोन आणि काळी एकच्या मधे कुठेतरी जाऊन बसतं. तिथे पेटी जुळवणार कोण!

कंडेन्सर माइक (याला इंटरफेसकडून वीज लागते) मेल्यासारखा गप्प असेल तर आधी ४८ व्होल्टचं बटण बघा. रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) असेल तर मात्र त्या बटणाला हात लावू नका.

राहिला गूं आवाज. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गूं थांबला तर दोष अर्थिंगचा, मग सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या. प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, शॉक बसू नये म्हणूनच ती असते. चार्जर काढूनही गूं राहिला तर माइकची केबल काढून बघा. आता थांबला, तर तो खोलीतून किंवा माइक-केबलमधून येतोय. आम्ही दोन तास केबली बदलल्या, आणि मधेच गूं आपोआप बंद झाला. त्याच क्षणी स्वयंपाकघरातला फ्रीजही गप्प झाला होता. आता टेकच्या आधी फ्रीज बंद करतो आणि स्कूटरची किल्ली त्यातच ठेवतो, म्हणजे घरून निघताना तो चालू करायचा राहत नाही. एकदा राहिला होता, तेव्हा आईचं दोन लिटर दूध नासलं होतं.