कंपनी विकली गेली, नंबर आपलाच: नवा प्रीपेड प्लॅन घेण्याआधीची तयारी

आपली प्रीपेड कंपनी दुसऱ्या कुणी विकत घेतल्याचा मेसेज आला, की त्यात हमखास एक ओळ असते: ‘तुम्हाला काहीही करायची गरज नाही.’ मी त्याच संध्याकाळी कागद-पेन घेऊन बसते. इथे अमेरिकेत आमच्या घरात चार नंबर प्रीपेडवर आहेत, त्यातला एक बाबांचा, आणि गेल्या काही वर्षांत असे मेसेज इतक्यांदा आले की तयारीचा क्रम आता पाठ झाला आहे. तोच इथे सांगते.

सगळ्यात आधी, सध्या आपल्याकडे काय आहे ते लिहून काढायचं. प्लॅनचं नाव, करासकट दर महिन्याला कार्डावरून खरोखर कापले जाणारे पैसे, मुदत संपण्याची तारीख, डेटा किती मिळतो आणि त्यातला किती वापरला जातो, हॉटस्पॉट चालतो का, भारतात फोन लागतो का, ऑटोपे कुठल्या कार्डावर आहे. जुन्या कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मालक बदलला की काही महिन्यांत जुनं अ‍ॅप बंद होतं, आपला प्लॅन नव्या ग्राहकांच्या यादीतून गायब होतो, आणि मग ‘आम्हाला इतका डेटा मिळत होता’ हे सांगायला हातात काही उरत नाही. गेल्या तीन महिन्यांचा डेटा वापर फोनच्या सेटिंगमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये दिसतो, तोही टिपून ठेवा. घरी आणि कामावर वायफाय असणाऱ्या बऱ्याच जणांना त्यांचा आकडा वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी निघतो. तसं निघालं तर ‘अनलिमिटेड’च्या मागे धावायचं कारणच उरत नाही.

त्यानंतरचा प्रश्न एकच, पण बाकी सगळं त्यावर ठरतं: नवा मालक आपण वापरतो त्याच नेटवर्कचा आहे की दुसऱ्या? अमेरिकेत देशभर पसरलेली मोठी नेटवर्क तीन, व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल. प्रीपेडची बहुतेक नावं यांच्यापैकी कुणाचं तरी नेटवर्क भाड्याने घेऊन चालतात. टी-मोबाइलने १ मे २०२४ ला मिंट मोबाइलचा व्यवहार पूर्ण केला तेव्हा मिंटचे ग्राहक आधीपासून टी-मोबाइलच्याच टॉवरवर होते, त्यामुळे रेंजमध्ये काही फरक पडायचं कारण नव्हतं. ट्रॅकफोन या प्रीपेड कंपनीचं तसं नव्हतं. २३ नोव्हेंबर २०२१ ला व्हेरायझनने ती कंपनी मेक्सिकोच्या आमेरिका मोविलकडून घेतली, तेव्हा तिचे सुमारे २ कोटी ग्राहक वेगवेगळ्या नेटवर्कवर विखुरलेले होते. तिच्या स्ट्रेट टॉक या ब्रँडचं पाकीट एकच असायचं, पण आतल्या सिमवर अवलंबून कुणाचा फोन व्हेरायझनवर, कुणाचा एटी अँड टीवर, कुणाचा टी-मोबाइलवर. स्वतःचे टॉवर असलेला मालक आपल्या ग्राहकांचं भाडं शेजाऱ्याला किती दिवस देईल? स्प्रिंट ही मोठी कंपनी टी-मोबाइलमध्ये विलीन झाल्यावर तिच्या बूस्ट या प्रीपेड ब्रँडचे ग्राहक तर जुलै २०२० मध्ये डिश या कंपनीकडे गेले, आणि पुढे दोनच वर्षांत स्प्रिंटचं जुनं नेटवर्कही बंद झालं. १ ऑगस्ट २०२५ ला टी-मोबाइलने यूएस सेल्युलरचा मोबाइल व्यवसाय घेतला, तिथेही ग्राहकांच्या फोनमागचं नेटवर्कच बदलत गेलं.

मालक त्याच नेटवर्कचा असेल तर घाई करू नका. प्लॅनच्या अटी बदलल्याची तारीखवार सूचना येईपर्यंत आहे तिथेच राहिलं तरी चालतं. नेटवर्क बदलणार असेल तर मात्र खालचं सगळं करायचं. आणि आपण नक्की कुठल्या नेटवर्कवर आहोत हे फोनच्या पडद्यावरच्या नावावरून ठरवू नका, तिथे बहुतेकदा ब्रँडचंच नाव दिसतं. ग्राहक सेवेला चॅटवर विचारा: ‘माझं सिम आज कुठल्या नेटवर्कवर आहे आणि ते हलवणार आहात का, केव्हा?’ उत्तर लेखी येतं, ते जपून ठेवा. फोनवर विचारलं तर प्रत्येक वेळी वेगळा माणूस वेगळं सांगतो.

आता रेंज. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवावा असं मला मनापासून वाटतं, कारण पाच डॉलर वाचवून घरात फोन लागत नसेल तर त्या पाच डॉलरना काही अर्थ नाही. कंपन्यांचे नकाशे आहेत, एफसीसी या सरकारी दूरसंचार नियामक संस्थेचाही राष्ट्रीय ब्रॉडबँड नकाशा आहे, त्यात पत्ता घालून मोबाइल रेंज बघता येते. पण हे नकाशे गणिताने काढलेले असतात, आणि ते उघड्यावरची किंवा गाडीतली रेंज दाखवतात. तुमच्या घराच्या तळघराबद्दल ते काही सांगत नाहीत. म्हणून आपल्या आठवड्यातल्या जागांची यादी करा: झोपायची खोली, तळघर, ऑफिसचं पार्किंग, मुलांची शाळा, ज्या हायवेवरून रोज जाता तो पट्टा, डॉक्टरांचा दवाखाना. मग त्या नेटवर्कवर आधीपासून असलेल्या मित्राला घरी चहाला बोलवा आणि त्याचा फोन घेऊन घरभर फिरा. काही कंपन्या ई-सिमवर (कार्ड न घालता फोनमध्ये उतरवून घ्यायचं सिम) ठरावीक दिवस फुकट वापरून बघू देतात. आपला चालू नंबर तसाच ठेवून फोनमधल्या दुसऱ्या सिमच्या जागेत ते ई-सिम टाकायचं आणि आठवडाभर दोन्हींची रेंज शेजारी शेजारी बघायची. याच्याइतकी खात्रीची दुसरी कसोटी मला अजून सापडलेली नाही.

हे मी शिकले ते बाबांमुळे. त्यांच्या कंपनीचा मालक बदलला, नवं सिम पोस्टाने आलं, आम्ही ते मुकाट्याने टाकलं. बाबांची खोली तळमजल्यावर, अर्धी जमिनीखाली. दोन दिवस त्यांना एकही फोन आला नाही, आणि त्यांना वाटलं की कुणी आठवणच काढत नाही. भारतातून मावशीने माझ्या नंबरवर फोन करून विचारलं तेव्हा कळलं, की त्या खोलीत रेंजच नाही. ते दोन दिवस मला अजून टोचतात. वायफाय कॉलिंग, म्हणजे घरच्या वायफायवरून नेहमीचे फोन, चालू केल्यावर प्रश्न सुटला. तेव्हा हेही यादीत घ्या: नवा प्लॅन आपल्या फोनच्या मॉडेलवर वायफाय कॉलिंग देतो का? आणि ते चालू करताना आणीबाणीसाठीचा पत्ता विचारतात, तो बरोबर भरा. ९११ ला वायफायवरून फोन लागला तर मदत पाठवताना तोच पत्ता हाताशी असतो. नवं सिम टाकलं की हा पत्ता पुन्हा तपासायचा, घर बदललं तरी तपासायचा.

फोनचंही बघून घ्या. *#०६# दाबलं की आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. नव्या कंपनीच्या वेबसाइटवर तो घालून फोन चालेल का ते आधीच कळतं. फोन हप्त्यावर किंवा सवलतीत घेतला असेल तर तो त्याच कंपनीपुरता लॉक असू शकतो, आणि अनलॉक करून देण्याच्या अटी प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात, मालक बदलल्यावर त्या बदलतातही. म्हणून जुन्या मालकाच्या अटींप्रमाणे अनलॉक होण्याइतके दिवस झाले असतील तर आजच मागून घ्या. २०२२ मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं, तेव्हापासून जुन्या फोनवर निव्वळ बोलण्यासाठीसुद्धा व्होएल्टीई (फोरजीवरून बोलण्याची सोय) लागतं आणि ते त्या कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेलं असावं लागतं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांना १४ पासून सिमची खाचच नाही, सगळं ई-सिमवर. तुमचा भारतातला नंबर अशाच फोनमध्ये बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत ठेवला असेल तर नवं ई-सिम टाकताना चुकून तो पुसला जाणार नाही याकडे डोळे उघडे ठेवून बघा. भारतात न जाता तो परत मिळवणं फार त्रासाचं आहे.

इतकं झाल्यावर पैशांकडे वळायचं. एफसीसीच्या नियमामुळे २०२४ पासून मोबाइल इंटरनेटच्या प्लॅनसोबत एक माहितीची पट्टी दाखवावी लागते, खाण्याच्या पाकिटावर असते तशी. महिन्याची किंमत, ती सुरुवातीची सवलतीची आहे का, वेग, डेटाची मर्यादा, वरून लागणारे शुल्क, सगळं एका चौकटीत. जाहिरात बाजूला ठेवा आणि दोन प्लॅनच्या पट्ट्या शेजारी ठेवून वाचा. कर राज्याप्रमाणे बदलतात; काही प्लॅनमध्ये ते धरलेले असतात, काहींत वरून लागतात, म्हणून तुलना करायची ती पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरच्या आकड्याची. ‘महिना’ म्हणजे ३० दिवस असेल तर बारा रिचार्जमध्ये ३६०च दिवस भरतात, हेही धरा. ऑटोपेची सवलत बघताना कार्डाची मुदत संपली तर ती जाते हे लक्षात ठेवा.

‘अनलिमिटेड’ या शब्दाखाली दोन गोष्टी दडलेल्या असतात. एक, ठरावीक डेटानंतर वेग कमी होतो का. दुसरी जास्त महत्त्वाची आणि कमी लोक विचारतात: टॉवरवर गर्दी झाली की आपला नंबर रांगेत मागे जातो का? त्याच नेटवर्कवरच्या पोस्टपेड ग्राहकाला आधी आणि स्वस्त प्रीपेडवाल्याला नंतर, अशी रांग बऱ्याच ठिकाणी असते. रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि पान मात्र उघडत नाही, त्याचं कारण पुष्कळदा हेच. एरवी फारसं जाणवत नाही, पण तुम्ही रोज गर्दीच्या स्टेशनवर किंवा विमानतळावर काम करत असाल तर प्राधान्य देणारा थोडा महाग प्लॅन घ्या, असंच मी सांगेन.

मालकी नुकतीच बदललेली असताना वर्षाचे पैसे एकदम भरू नका, कितीही स्वस्त दिसलं तरी. तीन महिन्यांचा प्लॅन घ्या, नेटवर्क स्थिरावू द्या, मग वर्षाचा विचार करा.

भारतातले फोन आता बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर होतात, पण गावातला लँडलाइन किंवा बँकेची शाखा तिथे नसते, तेवढ्यापुरते मिनिट मिळतात का ते बघा. भारतात गेल्यावर अमेरिकेतल्या बँकेचा एसएमएस तिथे पोचेल का, हे नव्या कंपनीला लेखी विचारा. कित्येक स्वस्त प्लॅनमध्ये परदेशी रोमिंगच नसतं. घरातल्या कुणाला लाइफलाइनची, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी योजनेची, महिन्याला ९.२५ डॉलरची सवलत मिळत असेल तर ती नव्या कंपनीकडे आपोआप जाईल असं धरू नका. आधी खात्री करा आणि मगच हला.

शेवटी नंबर हलवणं. जुना प्लॅन स्वतः बंद करायचा नाही आणि त्याची मुदत संपू द्यायची नाही. बंद पडलेला नंबर पोर्ट होत नाही, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, आणि पंधरा वर्षं सगळ्या नातेवाइकांकडे, डॉक्टरांकडे, बँकेत दिलेला नंबर एका दिवसाच्या आळसाने जातो. मुदत संपायला चार-पाच दिवस असताना काम सुरू करा, कारण प्रीपेडची उरलेली शिल्लक पोर्ट झाल्यावर सहसा बुडते. जुन्या कंपनीकडून खाते क्रमांक आणि ट्रान्सफर पिन घ्या. हा पिन थोडेच दिवस चालतो आणि तो खात्याच्या नेहमीच्या पिनपेक्षा वेगळा असू शकतो. खात्यावरचं नाव आणि झिप कोड जुळले नाहीत तर पोर्ट अडकतो, विशेषतः आईबाबांचा फोन आपल्या नावावर असेल तेव्हा. नंबर लॉक (कुणी परस्पर नंबर हलवू नये म्हणून खात्यावर लावायचं कुलूप) लावलेला असेल तर तेवढ्यापुरता काढा. साधा पोर्ट एका कामकाजाच्या दिवसात व्हावा असा एफसीसीचा नियम आहे, आणि थकबाकी आहे म्हणून जुनी कंपनी नंबर अडवू शकत नाही. अडवलाच तर एफसीसीकडे ऑनलाइन तक्रार करा, फुकट असते, आणि कंपनीला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

शुक्रवारी संध्याकाळी पोर्ट सुरू करू नका. मंगळवारी सकाळी करा, मदतीला माणसं जागेवर असतात. त्या दिवशी बँकेचे व्यवहार ठेवू नका. नवं सिम चालू झालं की दुसऱ्या फोनवरून एक कॉल, एक एसएमएस, एक फोटो पाठवून बघा, बँकेचा ओटीपी मागवून बघा, व्हॉइसमेल पुन्हा लावा, नंबर लॉक परत चालू करा. मग जुन्या ऑटोपेमधून कार्ड काढा. जुनं सिम पाकिटात घालून, वर तारीख लिहून, पुढचं एक बिल व्यवस्थित येईपर्यंत ड्रॉवरमध्ये ठेवून द्या.