बाल्सा ग्लायडर: जोरात सुटणं आणि शांत तरंगणं दोन्ही जमवायचं कसं

सायन्स स्पर्धेसाठी ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेलं छोटं विमान, करायला घेतला की बहुतेक मुलांचा सगळा जीव पंखाच्या आकारात अडकतो, टोकं गोल करू की चौकोनी, रंग कोणता देऊ, आणि मुख्य गोष्ट राहूनच जाते. मुख्य गोष्ट ही की तुमच्या ग्लायडरला एकाच उड्डाणात दोन वेगवेगळ्या वेगांना उडायचंय. गलोलीसारखं रबर ताणून सोडल्यावर तो सेकंदाला दहा मीटरच्या आसपास जातो आणि वर पोचून तरंगायला लागला की जेमतेम दोन मीटर. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग पाचपट तर जोर पंचवीसपट. त्यामुळे तरंगताना बरोब्बर वाटणारी शेपटीची एवढीशी वळवण सोडताना पंचवीसपट जोराने काम करते आणि ग्लायडर हवेत उलटी कोलांटी मारून तुमच्याच पायाशी येऊन आपटतो. हे डोक्यात पक्कं बसवा, पुढचं जवळपास सगळं यातूनच निघतं.

कापाकापीच्या आधी नियम वाचा, आणि नीट वाचा. पंखांची जास्तीत जास्त लांबी किती, कमीत कमी वजन किती, रबर तुमचं की आयोजकांचं, रबराची लांबी आणि हँडल किती, वेळ कधीपासून कधीपर्यंत मोजतात, एकच बेस्ट उड्डाण धरतात की दोन-तीनची बेरीज. बेरीज असेल तर एकदाच खूप वेळ उडणाऱ्या ग्लायडरपेक्षा दरवेळी सारखा उडणारा ग्लायडर हवा, हे सुरुवातीलाच ठरलं पाहिजे.

आता लाकूड. सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात कमी लक्ष इथेच दिलं जातं. बाल्सा हे फार हलकं लाकूड, दिसायला सारखंच दिसतं पण एका शीटची घनता घनमीटरला ८० किलो तर शेजारच्या शीटची दुप्पट असू शकते. दीड मिमी जाड, ७५ मिमी रुंद आणि ९० सेमी लांब शीटचं घनफळ साधारण १०० घनसेमी भरतं, म्हणून हिशोब सोपा: शीटचं वजन जितके ग्रॅम त्याच्या दहापट घनता. शीट १० ग्रॅम भरली तर १०० किलो. पंखाला आणि शेपटीला ८० ते १०० मधलं, दांडीला, म्हणजे पंख आणि शेपटी जिच्यावर बसतात त्या काडीला, १६० च्या पुढचं कडक घ्यायचं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा मिळवाच, त्याच्याशिवाय हे काम अंदाजपंचे होतं. आणि रेषा बघा. शीटवर लांबच लांब सरळ रेषा असतील आणि आडवी धरून वाकवली की सहज गोल होत असेल तर ती नळ्या करायला चांगली, पंखाला नाही. ठिपक्या-ठिपक्यांची, तुकतुकीत, आडवी वाकवताना अजिबात दाद न देणारी शीट पंख आणि शेपटीसाठी बाजूला काढा.

सुरुवातीला एक साधं माप देते, नियमात बसत नसेल तर त्याच प्रमाणात लहान-मोठं करा. पंख ३० सेमी लांब, ६ सेमी रुंद, ३ मिमीच्या शीटमधून. दांडी ५ बाय ३ मिमी आणि ३२ सेमी लांब. आडवी शेपटी १२ बाय ३ सेमी, १ मिमी शीटची. उभी शेपटी साधारण ११ चौरस सेमी. पंखापासून आडव्या शेपटीपर्यंत, दोन्हींच्या पुढून पाव रुंदीच्या रेषेवरून मोजलं तर, १८ सेमी अंतर. शेपटी पुरेशी आहे का हे बघायला तिचं क्षेत्रफळ गुणिले हे अंतर, भागिले पंखाचं क्षेत्रफळ गुणिले पंखाची रुंदी करायचं. इथे ३६ × १८ भागिले १८० × ६, म्हणजे ०.६ येतं, हाताने आणि रबराने सोडायच्या ग्लायडरला हे छान चालतं. हा आकडा ०.३-०.४ च्या खाली गेला की ग्लायडर डुलत राहतो, सरळ व्हायलाच मागत नाही.

काडी, पंख, मागे शेपटी ही रचना जुनीच आहे. जॉर्ज केलीने १८०४ मध्ये हलवता येणारी शेपटी लावलेला मॉडेल ग्लायडर उडवला होता, आणि १८७१ मध्ये पॅरिसमध्ये अल्फोन्स पेनोचं रबरावर चालणारं छोटं मॉडेल शेपटी थोडी वेगळ्या कोनात बसवल्यामुळेच कोणी न चालवता ११ सेकंद स्थिर उडलं. तुम्ही जो शेपटीचा कोन लावणार आहात तो हाच.

पंख घासणं हे निवांत करायचं काम आहे, घाई करू नका. पंख टेबलाच्या कडेला सपाट ठेवा, खालची बाजू सपाटच राहू दे, आणि वरून सपाट ठोकळ्याला गुंडाळलेल्या सँडपेपरने आकार द्या. सगळ्यात जाड भाग पुढच्या कडेपासून साधारण तीस टक्क्यांवर, म्हणजे १८ मिमीवर. तिथून मागे एकसारखा उतार, मागची कड अर्धा मिमी, बोटाला कागदाची कड लागावी इतपत, आणि पुढची कड गोलसर पण बारीक. टोकांकडे जाडीही कमी करत जा कारण टोकाचं वजन ग्लायडरला वळताना जड करतं. आधी १५० नंबरचा पेपर, मग ३२०, शेवटी ४००. मधूनमधून पंख उजेडाकडे धरा, बाल्सातून उजेड आरपार येतो आणि कुठे जाड राहिलंय ते काळपट पट्ट्यासारखं स्वच्छ दिसतं. या वेगाला आणि या आकाराला हवेचं वागणं मोठ्या विमानासारखं नसतं, त्यामुळे प्रवासी विमानाचा गुबगुबीत पंख बघून कॉपी करू नका, इथे पातळ पंखच चांगला उडतो.

मग पंख मधोमध कापायचा, दोन्ही कापलेल्या कडा थोड्या तिरक्या घासायच्या आणि व्ही आकारात चिकटवायचा. एक अर्धा टेबलावर सपाट दाबून धरला तर दुसऱ्याचं टोक ५ सेमी वर राहायला हवं, म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण दहा अंश येतात. हा व्ही नसेल तर ग्लायडर एकदा एका बाजूला कलला की कललेलाच राहतो आणि घसरत खाली येतो. जोडाला लाकडाच्या कामाचा पांढरा गम लावा, आधी पातळ थर देऊन वाळू द्या, मग पुन्हा लावून जोडा, जोड फार पक्का होतो. दांडीवर बसवायला पातळ सुपरग्लूचा थेंब पुरे. गमाचं वजन लक्षातच येत नाही आणि सगळं झाल्यावर काट्यावर दिसतं. एवढ्या मापाचा ग्लायडर, नाकाला वजनासाठी लावायच्या क्लेसकट (खेळायच्या मऊ मातीसकट), ४ ते ५ ग्रॅमच्या आसपास बसायला हवा, किमान वजनाचा नियम असेल तर राहिलेलं वजन गुरुत्वमध्याच्या जागी, म्हणजे जिथे तोलून धरला की ग्लायडर आडवा राहतो तिथे, क्लेने भरा. पंख आणि शेपटी एकमेकांना समांतर बसवा (वळणासाठी आडव्या शेपटीला द्यायचा कल पुढे येतो, तेवढा सोडून), मागून डोळ्याच्या पातळीवर धरून बघा, उभी शेपटी बरोबर काटकोनात हवी. रबरासाठी नाकाखाली मागे झुकलेली खाच पाडून आत सुपरग्लू मुरवा, नाहीतर पाचव्या-सहाव्या वेळी खाच फाटते.

आता ट्रिमिंग, म्हणजे क्ले आणि शेपटी थोडी थोडी बदलून उड्डाण नीट बसवणं; ग्लायडर मुळात इथे बनतो. पंखाच्या पुढच्या कडेपासून २४ मिमीवर, म्हणजे ४० टक्क्यांवर दोन बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि नाकाला क्ले लावत जा, आडवा राहिला पाहिजे. मग हॉलमध्ये खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून, फेकायचा नाही तर हवेत ढकलून सोडायचा. दीड मीटर उंचीवरून सहा-सात मीटर गेला तर गाडी रुळावर आहे. नाक वर करून थबकतो, मग खाली डोकावतो, परत तेच, असं करत असेल तर शेपटीची मागची कड केसभर खाली वळवा किंवा थोडी क्ले वाढवा. सरळ जमिनीत घुसत असेल तर उलटं करा. बाल्सा वळवायचा म्हणजे त्याच्यावर तोंडाने गरम वाफ सोडायची, हलकेच पिळून दहा-पंधरा सेकंद तसंच धरायचं. मोडत नाही, घाबरू नका.

हे जमलं की बरेच जण थेट रबर पूर्ण ताणतात. नका ताणू. पाव ताणा, मग अर्धा, मग पाऊण. आणि इथे ती दोन वेगांची गोष्ट येते. ग्लायडर हळू छान तरंगतो पण जोरात सोडला की कोलांटी मारतो, याचा अर्थ नाक जड आहे आणि ते उचलून धरायला शेपटी जास्त वर वळवलेली आहे. उपाय दोन्ही एकदम: थोडी क्ले काढा आणि शेपटी तेवढीच खाली आणा, तरंगणं होतं तसंच राहील आणि कोलांटी कमी होईल. उलट जोरात सरळ वर जातो पण वर पोचल्यावर नाक खाली करून तसाच जमिनीपर्यंत येतो, सावरतच नाही, तर तुम्ही गुरुत्वमध्य फार मागे नेलाय, मग चिमूटभर क्ले परत लावा आणि शेपटी किंचित वर. या मापाच्या ग्लायडरला साधारण ५० टक्क्यांच्या मागे जाणं धोक्याचं. बहुतेक चांगले ग्लायडर या दोन चुकांच्या मधल्या अगदी अरुंद जागेत उडतात आणि ती जागा शोधण्यातच सगळा वेळ जातो, जाऊ दे, तो वेळ सत्कारणी लागतो.

हॉलमध्ये सरळ उडून भिंत गाठण्यात अर्थ नाही, गोल फिरायला हवा. उजव्या हाताने सोडणाऱ्यांनी तरंगताना डावीकडे वळेल असा लावावा. आडव्या शेपटीची डावी बाजू मागून बघताना २-३ मिमी वर ठेवून चिकटवली की ग्लायडर डावीकडे वळतो, आणि उभी शेपटी फार न वळवता काम होतं, जी वळवली की जोरात सोडताना त्रास देते. शिवाय डाव्या पंखाची मागची कड एक मिमी खाली पिळा म्हणजे वळणाच्या आतला पंख पडत नाही. सोडताना ग्लायडर उजवीकडे ४५ अंश कलता आणि नाक ४५ ते ६० अंश वर. मग तो उजवीकडे वळत वर चढतो, वेग संपता संपता डावीकडे कलतो आणि तरंगायला लागतो. वर जाऊन पाठीवर पडत असेल तर अजून कलता सोडा, उजवीकडेच खाली येत असेल तर कमी. सोडणारा एकच ठेवा, आलटून पालटून सोडलं की काय चुकलं ते कळतच नाही. चष्मा किंवा गॉगल घालाच, आणि समोर कोणी उभं राहायचं नाही, रबर तुटून डोळ्याला लागू शकतं.

वही ठेवा. क्ले किती, रबर किती सेमी ताणलं, किती उंच गेला, किती सेकंद, कसा आला. एका वेळी एकच गोष्ट बदला. उंची भागिले वेळ केलं की खाली यायचा वेग मिळतो, सहा मीटरवरून १३ सेकंद म्हणजे सेकंदाला ०.४६ मीटर, फार चांगलं. तिथूनच ९ सेकंद येत असतील तर उंची वाढवायच्या मागे लागू नका, ट्रिम चुकलेली आहे किंवा पंख कुठेतरी पिळला गेलाय.

रबर उन्हात आणि तेलकट हाताने वापरू नका, बारीक भेगा दिसल्या की फेकून द्या, नवीन रबर चार-पाच वेळा हळूहळू ताणून मगच खरं ताणा. स्पर्धेच्या दिवशी ग्लायडर कडक खोक्यात पंख कशालाही न टेकता ठेवून न्या, शक्यतो दोन ग्लायडर, दोन्ही ट्रिम केलेले. गेल्या गेल्या मागून डोळ्याच्या पातळीवर धरून पंखाचा पीळ तपासा कारण दमट हवेत बाल्सा हलतो. हॉलचे पंखे आणि एसी बंद आहेत का बघा, नसतील तर हवा कुठून येते ते ओळखून दुसऱ्या बाजूला सोडा. पहिलं उड्डाण पाऊण ताणाने करून वेळ नोंदवून घ्या, छताला किती जागा शिल्लक राहिली ते पार्टनरला बघायला सांगा, आणि तेवढंच ताण पुढच्या वेळी वाढवा.