अनोळखी फाईल दिसली, अँटीव्हायरस ओरडला? या चुका टाळा

"भाऊ, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी घुसलं. कुठल्या कुठल्या फायली दिसून राहिल्या. डिलीट मारू का?" दारव्हा-दिग्रस भागात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करणाऱ्याला हा फोन ठरलेलाच. बरेचदा फोन येतो तोवर डिलीट मारूनही झालेलं असतं. माझा अनुभव असा, की लोक ज्या फायलीला घाबरतात ती बहुतेक वेळा विंडोजचीच निघते. आणि ज्या पेनड्राईव्हवर, ज्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर डोळे मिटून भरवसा टाकतात, तिथूनच खरा व्हायरस आलेला असतो. खालच्या बहुतेक चुका या उलट्या हिशेबातूनच होतात.

नाव ओळखीचं नाही म्हणून फाईल उडवणे

डेस्कटॉपवर अचानक दोन पुसट 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' फायली दिसायला लागल्या, तर त्या आज आलेल्या नाहीत, पहिल्या दिवसापासून तिथेच आहेत. एक तुमच्या खात्याची, दुसरी सगळ्यांच्या सामाईक डेस्कटॉपची. विंडोज त्या लपवून ठेवतं. कोणीतरी, म्हणजे बहुधा मागच्या वेळी पेनड्राईव्हमधले फोटो शोधून देणाऱ्यानेच, 'हिडन' आणि 'प्रोटेक्टेड सिस्टिम फाईल्स' दाखवायची सेटिंग चालू केली आणि परत बंद केली नाही. फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन ती बंद करा, फायली दिसेनाशा होतील.

'पेजफाईल' आणि 'हायबरफिल' या सी ड्राईव्हवरच्या कित्येक जीबींच्या फायलीही अशाच. पहिली रॅम कमी पडली की कामी येते, दुसरी हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअपसाठी लागते. 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचा फोल्डर पेनड्राईव्हवर दिसला तर तोही विंडोजनेच बनवलेला असतो. मोबाइलच्या मेमरी कार्डात 'लॉस्ट डॉट डीआयआर' दिसला तर ते अँड्रॉइडचं काम. टास्क मॅनेजरमध्ये 'एसव्हीसीहोस्ट' एकाच वेळी डझनावारी चालताना दिसणं हेही नॉर्मल आहे. शंका आली तर त्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाईल लोकेशन' दाबा. सी ड्राईव्ह, विंडोज, सिस्टिम३२ या जागी पोचलात तर निवांत राहा. त्याच नावाची फाईल डाउनलोड्समधून किंवा टेम्प फोल्डरमधून चालत असेल, किंवा नावात एखादं अक्षर मागेपुढे असेल, तर मात्र ती सोडू नका.

आपल्याकडच्या लाईनचा हिशेब वेगळाच. भारनियमन, वादळ, डीपी जळणं. कॉम्प्युटर चालू असताना लाईन गेली आणि इन्व्हर्टरने दगा दिला, की पुढच्या वेळी विंडोज डिस्क तपासत बसतं. त्या तपासणीत सापडलेले फायलींचे तुकडे 'फाउंड डॉट ०००' नावाच्या लपलेल्या फोल्डरात जातात, आतल्या फायलींचं शेपूट, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं, 'सीएचके' असतं. लोकांना वाटतं व्हायरसने पिल्लं घातली. लाईन गेली तेव्हा उघडी असलेली एखादी फाईल नंतर सापडत नसेल तर आधी या फोल्डरात डोकावा. सगळं जागच्या जागी असेल तर फोल्डर खुशाल काढून टाका. मात्र लाईन गेलेली नसतानाही हे फोल्डर परत परत बनत असतील तर हार्ड डिस्क म्हातारी झाली समजा आणि आजच बॅकअप घ्या.

यातलाच एक गमतीचा प्रकार. वर्डमध्ये अर्ज टाईप करताना लाईन गेली. परत फाईल उघडली तर वर्ड म्हणतं, ही फाईल दुसऱ्याने उघडलेली आहे, आणि त्या दुसऱ्याचं नाव म्हणून तुमचंच नाव दाखवतं! लगेच "कॉम्प्युटर हॅक झाला" अशी बोंब. झालेलं एवढंच असतं, की त्याच फोल्डरात '~$' या चिन्हांनी सुरू होणारी एक चिमुकली लपलेली फाईल राहून गेलेली असते. वर्ड पूर्ण बंद करा, ती फाईल डिलीट करा, अर्ज उघडेल.

प्रत्येक इशारा अँटीव्हायरसचाच समजणे

स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी लाल रंगात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले" असं येत असेल, तर सर्वात आधी त्या चौकटीत बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. तिथे क्रोमचं किंवा कुठल्याशा वेबसाईटचं नाव असेल तर तो इशारा खोटा. पोरांनी निकाल पाहताना किंवा पिक्चर डाउनलोड करताना कुठेतरी 'अलाव' दाबलेलं असतं. "तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाव दाबा" ही त्यांची नेहमीची युक्ती. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथून साईट सेटिंग्ज, तिथून नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साईटची यादी दिसेल, त्यातलं अनोळखी सगळं काढून टाका. दोन मिनिटांत कटकट संपते. याच कामासाठी लोक फॉरमॅटचे पैसे मोजून येतात.

दुसरा खोटा इशारा जास्त घातक. अख्खी स्क्रीन निळी किंवा लाल होते, स्पीकरमधून सायरन वाजतो, कॉम्प्युटर लॉक झाल्याचं सांगतात आणि खाली फोन नंबर देतात. मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगून ठेवलंय, की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. तो नंबर लावला की समोरचा गोड बोलून एनीडेस्कसारखं सॉफ्टवेअर टाकायला लावतो, आणि मग कॉम्प्युटर तुमचा पण माऊस त्याच्या हातात. एस्केप बटण काही सेकंद दाबून धरा. नाहीच गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राऊझर बंद करा. परत उघडल्यावर 'रिस्टोअर' विचारेल, त्याला नाही म्हणा. कोणी आधीच कॉम्प्युटरचा ताबा दिला असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील तर नेट तोडा, बँकेला कळवा आणि ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाईनला फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येणं हे किती लवकर कळवता त्यावर असतं, म्हणून "उद्या पाहू" करू नका.

खरा इशारा न वाचता बंद करणे

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा अँटीव्हायरस विंडोजमध्येच येतो. तो फारसा आवाज करत नाही, म्हणून लोक त्याला किंमत देत नाहीत. विंडोज सिक्युरिटी उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा आणि 'प्रोटेक्शन हिस्ट्री' पाहा. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी वाचायच्या: नाव काय, फाईल कुठे सापडली आणि पुढे काय झालं.

नावाचा पहिला तुकडाच पुष्कळ सांगतो. 'ट्रोजन' म्हणजे चांगल्या सॉफ्टवेअरचं सोंग घेऊन आलेला व्हायरस, तो असेल तर काळजीचं. 'पीयूए' म्हणजे नको असलेलं, जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर. 'हॅकटूल' म्हणजे बहुतेक वेळा क्रॅक (विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवायला त्याचं कुलूप तोडणारा प्रोग्राम) किंवा विंडोज न घेताच चालू करून देणारा नकली ॲक्टिव्हेटर. शेवटी 'एमएल' असेल तर तो मशीनने अंदाजाने लावलेला शिक्का असतो. तो चुकूही शकतो, पण चुकलाच असेल असं धरून चालू नका.

जागा त्याहून महत्त्वाची. पेनड्राईव्हला मिळालेलं अक्षर, बरेचदा ई किंवा एफ, लिहिलं असेल तर माल पेनड्राईव्हमधून आला. डाउनलोड्स असेल तर घरच्याच कोणीतरी उतरवलाय. स्थितीत 'क्वारंटाईन्ड' दिसलं म्हणजे फाईल कोंडून ठेवली, पुढे काही करायची गरज नाही. तिथे जाऊन ती 'रिस्टोअर' करून पाहणारे महाभागही मी पाहिलेत. 'रेमेडिएशन इन्कम्प्लीट' असेल किंवा तीच फाईल रोज नव्याने सापडत असेल, तर तिला परत बनवणारं दुसरं काहीतरी चालू आहे. अशा वेळी सगळे पेनड्राईव्ह काढा आणि 'ऑफलाईन स्कॅन' लावा. विंडोज सुरू व्हायच्या आधीच तो तपासतो. साधारण पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात लाईन जाणार नाही असा मुहूर्त निवडा.

फाईल खरंच कामाची आहे आणि इशारा चुकीचा वाटतो, तर 'व्हायरस टोटल' या साईटवर टाकून सत्तरच्या आसपास अँटीव्हायरसचं मत एकदम घेता येतं. पण तिथे टाकलेली फाईल सुरक्षेचं काम करणाऱ्या इतर मंडळींनाही मिळू शकते. सेटअप टाका, आधार, पासबुक किंवा सातबाऱ्याचा स्कॅन टाकू नका.

पेनड्राईव्हवर डबल क्लिक

आपल्या भागातला व्हायरस इंटरनेटपेक्षा पेनड्राईव्हनेच जास्त फिरतो. झेरॉक्सच्या दुकानातून स्कॉलरशिपचा फॉर्म, फोटो स्टुडिओतून लग्नाचा अल्बम, डीजेवाल्याकडून गाणी. घरी लावला तर सगळे फोल्डर एकेका केबीचे शॉर्टकट झालेले. नीट पाहिलं तर प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतो. क्लिक केलं की फोल्डर उघडतोही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण त्याच क्लिकने मागून व्हायरसची स्क्रिप्टही चालते आणि आता कॉम्प्युटरही बाधित होतो.

इथे लोक घाबरून पेनड्राईव्ह फॉरमॅट मारतात आणि लग्नाचे फोटो हातचे घालवतात. आधी पेनड्राईव्हवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' पाहा. आठ जीबी फोटो होते आणि 'युज्ड स्पेस' अजूनही आठ जीबीच दाखवतं, तर फोटो तिथेच आहेत, फक्त लपवलेत. क्रम असा ठेवा: आधी कॉम्प्युटर स्कॅन करून साफ करा, नाहीतर साफ केलेला पेनड्राईव्ह तो पुन्हा बाधित करेल. मग डिफेंडरने पेनड्राईव्ह स्कॅन करा. त्यानंतर वर सांगितलेली लपलेल्या फायली दाखवायची सेटिंग तात्पुरती चालू करा. खरे फोल्डर पुसट रंगात दिसतील. काही व्हायरस सगळा माल एका बिननावाच्या फोल्डरात टाकतात, आयकॉन दिसतो पण खाली नावच नसतं, तोही उघडून पाहा. फक्त फोटो आणि कागदपत्रं कॉपी करा, शॉर्टकट किंवा स्क्रिप्ट नाही. फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

याच निमित्ताने 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' दाखवायची सेटिंग कायमची चालू ठेवा. 'सातबारा डॉट पीडीएफ' म्हणून दिसणाऱ्या फाईलचं खरं शेपूट 'ईएक्सई' आहे, म्हणजे तो कागद नसून चालणारा प्रोग्राम आहे, हे त्याशिवाय कळत नाही.

"थोडा वेळ अँटीव्हायरस बंद करा" हे ऐकणे

क्रॅक सॉफ्टवेअरसोबत ही सूचना हमखास येते. ज्या घरात शिरायचं त्या घरच्या कुत्र्याला आधी बांधून ठेवा, असं चोरानेच सांगावं तसं हे आहे. फायलींना कुलूप लावून त्यांची नावं बदलून टाकणारा आणि प्रत्येक फोल्डरात खंडणीची चिठ्ठी ठेवणारा 'स्टॉप डीजेव्हीयू' हा रॅन्समवेअर मुख्यतः अशाच क्रॅकमधून पसरला. तसं झालं तर नेटची वायर काढा, हॉटस्पॉट बंद करा, बॅकअपचा पेनड्राईव्ह चुकूनही लावू नका, पैसे भरू नका. 'नो मोअर रॅन्सम' या २०१६ पासून चालणाऱ्या उपक्रमाच्या साईटवर रॅन्समवेअरच्या काही जातींची कुलपं उघडणाऱ्या चाव्या फुकट मिळतात. तुमच्या जातीची आज नसेल तर डिस्क तशीच जपून ठेवा, पुढे कधी येऊ शकते.

विंडोज दुकानातून मारून आणलं असेल तर एक जागा जरूर तपासा. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये 'मॅनेज सेटिंग्ज', त्यात खाली 'एक्सक्लूजन्स'. नकली ॲक्टिव्हेटर पकडला जाऊ नये म्हणून त्या यादीत त्याचा फोल्डर, आणि कधीकधी अख्खा सी ड्राईव्ह, टाकलेला सापडतो. म्हणजे अँटीव्हायरसचं हिरवं टिकमार्क दिसतंय, पण तो सी ड्राईव्हकडे बघतच नाही. यादी रिकामी करा आणि मग 'फुल स्कॅन' लावा.

दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवूनही सुरक्षा दुप्पट होत नाही, मशीन मात्र रांगायला लागतं. विकत घेतलेल्याची मुदत संपली असेल आणि नूतनीकरण करायचं नसेल तर तो काढून टाका, रीस्टार्ट करा, डिफेंडर आपोआप जागा होतो. नेट मोबाइल हॉटस्पॉटवर असेल आणि ते 'मीटर्ड', म्हणजे डेटा जपून वापरायच्या सेटिंगवर, ठेवलं असेल तर अपडेट आपोआप येतीलच असं नाही, अधूनमधून 'चेक फॉर अपडेट्स' हाताने दाबा. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते.

घड्याळ न पाहणे

बँकेची साईट उघडत नाही, 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' असा इशारा येतो, अँटीव्हायरस म्हणतो माझे अपडेट जुने झाले. सगळं एकदम बिघडलं म्हणजे मोठा हल्ला झाला असं वाटतं. उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा. ती दहा-बारा वर्षं मागची असेल तर व्हायरसचा काही संबंध नाही. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर रुपयाएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. लाईन नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. घरी भिंतीवरचं बटण बंद करायची सवय आणि त्यात भारनियमन, म्हणून तो लवकर संपतो. नवा सेल किरकोळ पैशात मिळतो. तो बसवा, तारीख लावा, सगळे इशारे एका झटक्यात जातात.

मे महिन्यात दुपारी हँग होणाऱ्या कॉम्प्युटरलाही व्हायरसचा आळ लावू नका. पारा पंचेचाळीसला टेकलाय आणि पंख्यात कापसाचं सूत अडकलंय, तर तो हँग होणारच.

तडकाफडकी "फॉरमॅट मारून द्या" म्हणणे

हे वाक्य ऐकलं की दुकानदाराचं काम सोपं होतं, तुमचं अवघड. फॉरमॅटआधी कॉम्प्युटरवरचा हा हा माल काढून ठेवा असं कागदावर लिहून द्या: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो, टॅलीचा डेटा, ब्राऊझरमध्ये साठवलेले पासवर्ड. 'सगळं घेतलं' या तोंडी उत्तरावर जाऊ नका, कॉपी केलेला फोल्डर तिथेच उघडून दोन-चार फोटो बघा. आणि हार्ड डिस्क बदलली तर जुनी परत मागून घ्या, त्यात घरच्या सगळ्यांचे आधार आणि पासबुकांचे स्कॅन आहेत.