थंडीत रेसिंग कयाक शिकताय? या चुका टाळा

नोकरीनिमित्त इंग्लंडला गेलेली आपली बरीच मंडळी लंडनच्या पश्चिमेला, थेम्सच्या आसपास राहतात. त्यातले काही उन्हाळ्यात एखाद्या कयाक (दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने, म्हणजे पॅडलने, चालवायची निमुळती होडी) क्लबात जातात, रुंद होडीत रमतात आणि ऑक्टोबर लागला की रेसिंग होडी मागतात. ईस्टरला डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर ही 125 मैलांची शर्यत असते, तिचं वेड लागलेलं असतं. हौस चांगली, पण मुहूर्त चुकीचा.

शर्यतीची एकट्याची होडी, म्हणजे के-वन, सुमारे 5.2 मीटर लांब आणि जेमतेम बसण्यापुरती रुंद असते. तिच्यात नवखा माणूस पडणारच. जुलैत त्यावर सगळे हसतात. जानेवारीत थेम्सचं पाणी 5 ते 7 अंशांवर येतं, तेव्हा तेच पडणं वेगळं असतं. माझं मत स्पष्ट आहे: हिवाळा पल्ला वाढवायला वापरा, होडी अरुंद करायला नाही. बहुतेक क्लबांकडे मधल्या पायरीच्या स्थिर रेसिंग होड्या असतात. मार्चपर्यंत त्यातच बसा. डगमगत तासभर काढण्यापेक्षा स्थिर होडीत नीट मारलेले वल्ह्याचे हात जास्त शिकवतात.

दुसरी चूक खास आपली. ‘मला पोहता येतं, लहानपणी विहिरीत उड्या मारल्यात.’ गार पाण्यात पहिला प्रश्न पोहण्याचा नसतोच. पाणी अंगाला लागताक्षणी आपोआप मोठा श्वास घेतला जातो आणि मग धाप आवरत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर पट्टीचा पोहणाराही नाकातोंडात पाणी घेतो. म्हणून पहिला मिनिटभर हातपाय मारू नका. होडीला धरून तरंगा, श्वास ताब्यात आणा. मग काठाकडे निघा. बोटं कामाची राहतात ती साधारण दहाच मिनिटं. के-वनमध्ये खोल पाण्यातून परत चढण्याचा नाद सोडा, त्यात ती दहा मिनिटं जातात. बॉयन्सी एड, म्हणजे तरंगायला मदत करणारं जाकीट, अंगात हवंच. वेगवान मंडळी घालत नाहीत म्हणून तुम्ही काढू नका. आणि काठाच्या जवळच राहा. नदीच्या मधोमध सराव करणं हा नवख्याचा शुद्ध आगाऊपणा आहे.

कपडे हवेकडे बघून नाही, पाण्याकडे बघून घाला. सुती टी-शर्ट आणि जीन्स नकोच. भिजलेलं सूत अंगाची ऊब ओढून घेतं. आत थर्मल, त्यावर बिनबाह्यांचा निओप्रीनचा (रबरासारख्या कापडाचा) सूट आणि वरून पातळ वाराबंद जॅकेट, एवढं पुरतं. पूर्ण बाह्यांचा जाड वेटसूट खांदे आवळतो आणि कंबरेतून वळणं बंद होतं. हातमोज्यांचंही तेच. जाड मोज्यांमुळे दांडा जाड होतो, पकड घट्ट होते आणि अर्ध्या तासात कोपराखालचे स्नायू दगड होतात. त्यापेक्षा पॅडलवर चढवायचे पोगी घ्या: बाहेरून आवरण, आत उघड्या हाताने दांडा.

आता नेहमीच्या तक्रारी.

होडी फार हलते. बहुतेकदा होडी नव्हे, तुम्हीच आखडलेले असता. थंडीने खांदे कानांपर्यंत गेलेले, गुडघे ताठ, नजर होडीच्या टोकावर. नजर लांब टाका, कंबर सैल सोडा. तोल जातोय असं वाटलं की माणूस पॅडल हवेत उचलतो आणि तिथेच पडतो. पातं पाण्यात ओढ घेत असताना त्याचाच आधार मिळतो, म्हणून वल्हवत राहा. तरीही जमेना तर सीट एक घर खाली घ्या. आणि अंग काठावरच गरम करून मग होडीत बसा.

पाय बधिर होतात. लोक थंडीला दोष देतात. आधी सीटची पुढची कड मांडीखाली रुतते का, पाय टेकायची पावटी फार लांब लावली आहे का, ते बघा.

होडी एकाच बाजूला जाते. पानगळीत रडरला, म्हणजे होडीच्या सुकाणूला, पानं अडकतात. काठाला लागा, काढा.

नदीकडे मात्र घरातूनच लक्ष हवं. लंडनच्या पश्चिमेच्या टेडिंग्टनपासून वर, उगमाच्या बाजूला, थेम्सवर लॉकपाशी (होड्या वरखाली नेण्याच्या पाण्याच्या दरवाजांपाशी) पाट्या लागतात. लाल पाटी म्हणजे प्रवाह जोराचा; त्या दिवशी होडी काढायची नाही. पिवळीवर पाणी वाढतंय की ओसरतंय ते लिहिलेलं असतं. शिकाऊंनी तेव्हाही घरीच बसावं. बंधाऱ्याजवळ तर कधीच जाऊ नये. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा उशिरा निघणार असाल तर दिवा लावा. जाताना आपल्या उजव्या हाताच्या काठाने होडी चालवा. रोइंगवाले पाठ करून येतात, त्यांना तुम्ही दिसत नाही. हाक तुम्हीच मारायची.

पडलातच, तर काठावर आल्यावर आधी ओले कपडे बदला, डोक्यावर टोपी, मग गोड गरम चहा. होडीचं नंतर बघा. आणि पाणी भरलेली होडी ओढत काठावर घेऊ नका, आतल्या पाण्याच्या वजनाने तिचं पातळ कवच तडकतं. पाण्यातच पालथी करून दोघांनी आळीपाळीने एकेक टोक हळूहळू उचला, पाणी निथळू द्या, मगच वर घ्या.